वाकड्या हेडची यादी

काकांचा कॉम्प्युटर बत्तीस वर्षं माळ्यावर सुखरूप होता. मी तो खाली काढला आणि पाच मिनिटांत जाळला.

पाच मिनिटं म्हणजे तशी जास्तच सांगतोय. त्यातली चार वायरींचा गुंता सोडवण्यात गेली. मशीन म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड, म्हाताऱ्या दातांच्या रंगाचा. सगळा कॉम्प्युटर त्याच्याच पोटात. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि काही साठवायचं असेल तर टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, अशा काळातला. सोबत विटेएवढा पॉवर सप्लाय. तो मी भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला, बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. आधी काहीच झालं नाही. मग विटेच्या आत कुणीतरी चुटकी वाजवली आणि भोकांतून धुराची एक सडपातळ रेघ वर निघाली.

"काय जाळलंस रे?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

काका बाहेरच्या खोलीतून आले. हल्ली ते कुठूनही कुठेही जाताना आधी खुर्चीचे हात पकडून थोडं थांबतात. त्यांनी हवा हुंगली आणि ओळखीच्या माणसाचं नाव सांगावं तसं म्हणाले, "कपॅसिटर."

"काका, मी फक्त चालू केला."

"तेच. बत्तीस वर्षं झोपलेल्या माणसाच्या अंगावर बादलीभर थंड पाणी ओतलंस. आधी बल्ब जोडायचा मध्ये. वीज बल्बमधून हळू हळू चाखायला द्यायची. डिप्लोमा कशातला म्हणालास तुझा?"

"कॉम्प्युटरचाच."

"हां," काका म्हणाले. "मग बरोबर आहे."

ते रागावले नाहीत, याचंच मला वाईट वाटलं. पूर्वीचे काका असते तर निदान दोन दिवस बोलले नसते.

माझे काका टीव्ही-रेडिओ मेकॅनिक. बाजारात किल्लीवाला आणि शिंपी यांच्या मध्ये त्यांचा गाळा आहे. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं, एवढा. चाळीस वर्षं ते तिथे त्याच स्टुलावर बसले. स्टुलाची गादी चार वेळा बदलली, काकांची बसायची पद्धत बदलली नाही: गिऱ्हाइकाने सेट चालू केला की काका त्याच्याकडे पाठ करून बसायचे. नवा माणूस गोंधळायचा. "अहो, इकडे बघा की, चित्र कसं हलतंय." काका म्हणायचे, "चित्र तुम्ही बघा. मला ऐकू द्या." मग मान जरा तिरकी करून ऐकायचे आणि पाना-स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच रोग सांगून मोकळे व्हायचे. शेजारचा किल्लीवाला म्हणायचा, हा माणूस बायकोचं ऐकत नाही, कारण सगळं ऐकणं दुकानात संपवून येतो.

प्रत्येक दुरुस्ती काका वहीत टिपून ठेवत. कोणता सेट, काय तक्रार, काय निघालं. अशा सात वह्या झाल्या. मग कुणीतरी परदेशातून आणलेला हा कॉम्प्युटर त्यांच्याकडे दुरुस्तीला आला, मालक न्यायला परत आलाच नाही, आणि काकांना नव्या युगाची बाधा झाली. वर्षभर रोज संध्याकाळी काका वहीतून वाचायचे आणि काकू टाइप करायच्या. सहाशे बारा नोंदी. तक्रार टाइप केली की यंत्र कारण सांगणार. सगळं एका कॅसेटवर साठवून झालं तेव्हा काकांनी सातही वह्या स्वतः नेऊन रद्दीवाल्याला दिल्या. काकू म्हणाल्या होत्या, राहू द्या की, काय खायला मागतात? काका म्हणाले, आता कागदाचे दिवस गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच दिवस गेले ते त्या सेटचे. नव्या टीव्हीत सगळंच एका चिपमध्ये आलं. बिघडला की कार्ड बदला, नाहीतर टीव्हीच बदला. यादी कोण कशाला विचारणार? कॉम्प्युटर माळ्यावर गेला. आणि आता उतारवयात, जेव्हा काकांचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं, तेव्हा तेच जुने सेट परत यायला लागले. हौशी लोकांचे. आजोबांचा रेडिओ, पहिला टीव्ही, असलं काही. काकांना आठवेना. पूर्वी दहा मिनिटांचं काम होतं, त्याला आता तीन आठवडे लागत. गाण्याच्या बाई म्हणून एक आहेत, शाळेत गाणं शिकवतात आणि जुने रेडिओ जमवतात. त्यांच्या वडिलांचा रेडिओ दोन महिने बाकावर उघडा पडला होता. बाई दर आठवड्याला यायच्या, "असू दे काका, घाई नाही" म्हणायच्या आणि जायच्या. त्या एकदा तरी ओरडल्या असत्या तर काका सुटले असते.

तशात गाळ्याच्या मालकाने निरोप पाठवला: महिनाअखेरीला एक वर्षाचा करार वाढवा, नाहीतर किल्ली द्या. काकांनी मला बोलावून घेतलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

"यादी निघाली तर दुकान," ते म्हणाले. "नाही निघाली तर किल्ली."

"आणि मशीन चाललंच नाही तर?"

"तुला बोलावलंय ना."

या विश्वासाचं काय झालं ते वर सांगितलंच.

तर पुढचे रविवार आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत जेवायच्या टेबलाला धरून होतो. काकांनी वीट उघडली. आतला कपॅसिटर टोपी उडालेल्या बाटलीसारखा दिसत होता. त्यांनी तो काढला, मग त्याचे न जळलेले भाऊही काढले, "हे आज ना उद्या जाणारच" म्हणून. नवे बसवून कथलाचा डाग देताना त्यांचा हात थरथरे, पण टोक बिंदूवर टेकलं की थांबे. मशीन वाचलं होतं. माझ्या कर्तबगारीची झळ विटेतच संपली होती. मग बल्ब मध्ये घालून वीज दिली. बल्ब लाल झाला, विझत विझत गेला, आणि दुकानातून आणलेल्या शेवटच्या जुन्या डबा-टीव्हीच्या राखाडी पडद्यावर एक काळा चौकोन लुकलुकायला लागला.

"जागा झाला," काका म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं आनंद झाला. डुलकी लागली होती.

पुढे कळलं की कीबोर्डाची एक अख्खी ओळ मुकी आहे. बटणांच्या खालच्या प्लास्टिकच्या पट्टीला वळणावर चीर पडली होती. काकांनी कात्रीने ती बोटभर कापली आणि उरलेलं टोक परत खाचेत बसवलं. "आणि परत चिरली तर?" मी विचारलं. "परत कापायची." "आणि पट्टी संपली तर?" "तोवर मी संपेन. तू नसत्या चौकशा करू नकोस."

मग टेपरेकॉर्डर. आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं. काकांनी ते स्पिरिटने पुसलं, नवा पट्टा घातला आणि हेडकडे वळले. हेड म्हणजे तो छोटा चकचकीत ठोकळा, ज्याला घासून कॅसेटची फीत जाते. तो फितीला अगदी काटकोनात असावा लागतो. शेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून तिरकेपणा काढता येतो. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि चक् केलं.

"पार कललंय. कुठल्या हरामखोराने हात लावला होता कुणास ठाऊक."

काकू स्वयंपाकघरात काहीतरी निवडत होत्या. त्यांनी उठून नळ सोडला.

काकांचा नियम होता, आपल्या हातून कोणतीही वस्तू वाकडी परत जायची नाही. त्यांनी हेड सरळ केलं. एक गाण्याची कॅसेट लावून पाहिली; गाणं स्वच्छ, बाईंनाही आवडेल असं. मग यादीची कॅसेट घातली.

कॅसेट सहा मिनिटं फिरली. कॉम्प्युटरची माहिती कॅसेटवर आवाजाच्या रूपात असते, किरकिर, चिरचिर, डास आणि करवत यांचं भांडण लागल्यासारखी. टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावले. शेवटी यंत्राने एका ओळीत कळवलं की जमलं नाही.

परत लावली. जमलं नाही. आवाज वाढवला, कमी केला, वायर बदलली, फीत हाताने पुढे-मागे केली. तो रविवार गेला, पुढचाही गेला. काका दर वेळी त्याच चेहऱ्याने कॅसेट मागे गुंडाळायचे. तिसऱ्या रविवारी दुपारी त्यांनी कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली आणि डबीचं झाकण लावलं.

"गेलीय फीत. बत्तीस वर्षांत माणूस पुसला जातो, ही तर फीत. उद्या किल्ली देऊन टाकतो."

महिना संपायला अजून चार दिवस होते. मी तसं म्हणालो. काका म्हणाले, चार दिवस जास्त ठेवून काय त्या किल्लीला अंडी होणार आहेत?

तेव्हा काकू हात पुसत बाहेर आल्या.

"तुम्ही त्या स्क्रूला हात लावलात?"

"लावला म्हणजे? नीट केला. केवढा तिरका झाला होता."

"तिरकाच होता तो."

"तेच सांगतोय मी."

"मी वेगळं सांगतेय. आपण यादी भरत होतो तेव्हाही तो तिरकाच होता."

काकांनी चष्मा काढला. काकू खुर्चीवर बसल्या, म्हणजे प्रकरण मोठं होतं; त्या दिवसा सहसा बसत नाहीत.

"रेकॉर्डर पडला होता. माझ्या हातून, ओट्यावरून. यादी सुरू करायच्या आधीच्या आठवड्यात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? चालत होता की. गाणी जरा घोंगडीतून आल्यासारखी यायची, एवढंच."

"मी इतकी वर्षं म्हणत होतो की या रेकॉर्डरला घसाच नाही!"

"म्हणत होतात. उघडून पाहिलंत का? सगळ्या गावाचे उघडायचात, घरच्याला कधी वेळ होता?"

काकांनी टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. मग त्यांना हसू यायला लागलं. ते हसणं थकलेलं होतं, पण थांबेना. मला समजायला जरा उशीर लागला, डिप्लोमा असल्यामुळे. फितीवरची यादी वाकड्या हेडने लिहिली गेली होती. ती वाचायलाही तेवढंच वाकडं हेड हवं होतं. काकांनी आयुष्यभराच्या सवयीने ते सरळ केलं आणि दोन रविवार सरळ नजरेने वाकडं वाचत बसले.

"आता मुद्दाम बिघडवायचं," काका म्हणाले. "हे काही शिकलो नाही मी."

मला वाटलं, आता काय, पाच मिनिटांचं काम. कॅसेट चालू ठेवायची, स्क्रू हळूहळू फिरवायचा. जिथे चिरचिर सगळ्यात बारीक, सगळ्यात धारदार ऐकू येईल तिथे थांबायचं. काका मला सांगत होते ते असं. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि स्क्रू फिरवायला लागले. आवाज दबका होता, मग उजळायला लागला, मग एके ठिकाणी असा धारदार झाला की माझ्या दातांत कळ आली. मी म्हणणार होतो, इथेच. काका पुढे गेले. आवाज परत घोंगडीत शिरला. मग ते मागे फिरले, परत तीच जागा आली, आणि परत ते ती ओलांडून गेले. तिसऱ्यांदाही.

मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांना ठाऊक होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.

"जरा आवाज कमीच आहे याचा," काका म्हणाले. "स्पीकर गेला असेल."

स्पीकर व्यवस्थित होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "त्याला ऐकू द्या. तुम्ही हात चालवा."

काकांनी डोळे उघडले नाहीत. बराच वेळ स्क्रूवर बोटं तशीच होती. मग म्हणाले, "बोल रे. कधी थांबू?"

मी सांगत गेलो. थोडं मागे. अजून. आता किंचित पुढे. बस. काकांचा हात जिथल्या तिथे थांबला. तेवढ्या बारीक हालचालीवर थांबणं मला जन्मात जमलं नसतं. कॅसेट सुरुवातीला नेली आणि परत लावली. सहा मिनिटं आम्ही टीव्हीच्या कडेचे पट्टे बघत राहिलो. ते संपले. पडद्यावर यादीचं नाव आलं, आणि खाली प्रश्न: तक्रार काय?

मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. यंत्राला तेवढीच येत होती. काकूंनी पदराने पडदा पुसला. काकांनी आधी काही विचारलंच नाही, नुसत्या नोंदी वर सरकवत गेले. मधूनच "अरे हो," "हा तर त्या वकिलाचा," "याने किती रडवलं होतं" असं पुटपुटत. मग त्यांनी बाईंच्या रेडिओची तक्रार दोन बोटांनी शोधून शोधून टाइप केली. आवाज मध्येच जातो, परत येतो. यंत्राने विचार केला आणि एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची नोंद दाखवली. तीन जागा संशयाच्या, आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं: के एल.

"हे काय?"

"कान लावा," काकू म्हणाल्या. "प्रत्येक वेळी तुम्ही शेवटी तेच म्हणायचात. मशीनमध्ये जागा कमी, मी दोन अक्षरांत उरकलं."

काका परत वर गेले, परत खाली आले. आता मलाही दिसायला लागलं. जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या शेपटीला के एल होतं. शिट्टी बारीक असेल तर हे बदला, जाड असेल तर ते, के एल. ठोकल्यावर किरकिर आली तर सांधा, नुसती घरघर आली तर कपॅसिटर, के एल. सहाशे बारा नोंदी म्हणजे सहाशे बारा वेळा कुणीतरी पाठ करून बसलं होतं आणि ऐकलं होतं.

काकांनी खुर्चीला पाठ टेकली.

"यादी निघाली," मी म्हणालो. मला वाटलं, कुणीतरी म्हणायला हवं.

"निघाली की," काका म्हणाले. "अगं, चहा टाक. यातलं सगळं माझ्या कानातच होतं, आणि मी माळ्यावर शोधत होतो."

चहा झाल्यावर त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या, त्याही डोळे मिटून. किल्ली ते स्वतः देतील, मी बरोबर यायची गरज नाही. आणि यादी पुन्हा कागदावर उतरवायची. फीत आणखी चार-पाच वेळा वाजेल, त्यापुढे भरवसा नाही. उतरवून झालेली वही गाण्याच्या बाईंना द्यायची.

"बाईंना का?"

"त्यांना ऐकू येतं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यातलं सामान बांधत असताना, काकांचा निरोप मिळाल्यामुळे बाई रेडिओ न्यायला आल्या, तसाच, न दुरुस्त झालेला. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "पाठ करा त्याच्याकडे," ते म्हणाले. "मी ठोकतो, तुम्ही सांगा." लाकडी काडीने ते एकेक सांधा ठोकत गेले. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. सातव्या-आठव्या ठिकाणी म्हणाल्या, "इथे वाळू पडल्यासारखं झालं." काकांनी तो सांधा परत डागला. रेडिओ बोलायला लागला. किल्लीवाला बाहेरून म्हणाला, "काय हो, धंदा बदललात? आता बायकांचं ऐकायला लागलात?" काकांनी ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्या संध्याकाळी गाळा रिकामा झाला.

कॉम्प्युटर आता माझ्या खोलीत आहे. पडद्याचे सगळे फोटो मी एका दुपारीच काढले, आणि मोठ्या तोऱ्यात बाईंना सांगून आलो की महिन्याभरात वही देतो. पण काकूंनी जागा वाचवायला काय काय उरकलंय ते फक्त काकूंना कळतं, आणि काकूंना जे कळत नाही ते काकांना पडल्या पडल्या विचारावं लागतं. तेही पटकन सांगत नाहीत. सेटच्या मालकाच्या लेकीचं लग्न कसं मोडलं, तिथून सुरुवात करतात. एका रविवारात तीसेक नोंदी होतात. तीनशे एकाहत्तर झाल्या. मग माझ्या ऑफिसात कामं निघाली, मग एकदा सर्दी झाली, मग एकदा काहीच झालं नव्हतं.

दोनशे एकेचाळीस नोंदी देणं आहे. बाई भेटल्या की विचारत नाहीत, "घाई नाही" एवढंच म्हणतात. काकूंचा काल फोन होता, या रविवारी येतोस ना, यांचं आवरून ठेवते. मी हो म्हणालो. मागच्या रविवारीही म्हणालो होतो.